फर्म्यावरचे पाच थर

आमचे जावईबापू म्हणजे तक्रारींचं चालतंबोलतं कार्यालय. कार्यालयाला निदान रविवारी सुट्टी असते. हे नेमके रविवारीच यायचे.

"दादा, बूट चावतोय."

बायकोच्या थोरल्या भावाला 'दादा' म्हणायचं आणि त्याच दमात त्याच्या उभ्या हयातीच्या कारागिरीला नावं ठेवायची, ही कला त्यांनाच जमावी. मी गेली बत्तीस वर्षं हाताने बूट शिवतोय. रस्त्याच्या वळणावर माझं दुकान आहे. पुढे गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या आणि एक आरसा, मागे माझं बाक, चामडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी, खळीचा डबा, आणि भिंतभर फळ्यांवर लाकडी फर्मे. फर्मा म्हणजे गिऱ्हाइकाचा लाकडी पाय. माप घ्यायचं, त्याबरहुकूम लाकूड तासायचं आणि त्या लाकडावर बूट शिवायचा. वकील, मास्तर, बँकेतले साहेब, सगळ्यांचे पाय माझ्या फळीवर गुमान बसलेले असतात. आजवर एकाही पायाने तोंड वर करून मला उलट उत्तर दिलं नव्हतं.

अपवाद एकच, आमच्या चिमीचा नवरा. चिमी माझी धाकटी बहीण. नवरा शहराच्या बसवर ड्रायव्हर. माणूस तसा सरळ, निर्व्यसनी, घड्याळाच्या काट्यावर कामाला जाणारा. पण लग्न ठरलं तेव्हा भर बैठकीत त्याने एक वाक्य टाकलं होतं: "हाताने शिवलेले बूट दिसायला बरे असतात हो, पण टिकतात ते कारखान्यातलेच." सगळे हसले. मीही हसलो. ते वाक्य मात्र मी मनात जपून ठेवलं, आणि वेळ येईल तेव्हा बघू म्हणून गप्प बसलो.

वेळ आली पाच वर्षांपूर्वी. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली, आणि हे दारातूनच ओरडले, "दादा, बूट चावतोय! अंगठ्याशी आणि बाजूने, दोन्हीकडून." आदल्याच वर्षी शिवलेले बूट. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण गिऱ्हाइकांपुढे आवाज चढवायचा नसतो. मी गोड हसलो, त्यांचा फर्मा काढला, बूट त्यावर चढवला आणि दोघांना फिरवून दाखवला. चपखल.

"जावईबापू," मी म्हटलं, "लाकडाला चावत नाही आणि तुम्हाला चावतो? बूट काही वर्षभरात आकसत नाही, आणि त्रेचाळिशीच्या माणसाचा पाय काही वाढत नाही. वाढतो तो संशय."

गिऱ्हाइकं खो खो हसली. जावईबापूंचे कान लाल झाले. तरी मोठ्या मनाने मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि नव्याने माप घेतलं. पट्टी एक सूत जास्त दाखवत होती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी पुन्हा घेतलं. पुन्हा एक सूत. दुसऱ्या पायाचंही तेच.

आता तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं ना, बाबा रे, तुझा पाय वाढलाय. तुम्हाला आमचा धंदा ठाऊक नाही. माझ्या उस्तादांनी मला रापी हातात द्यायच्या आधी एक गोष्ट शिकवली होती: गिऱ्हाइकाला पाय वाढल्याचं कधी सांगायचं नाही. माणसं जाड होतात, म्हातारी होतात, बायकांचे पाय बाळंतपणानंतर पसरतात. ऐकायला कुणालाच आवडत नाही. माप तोंडाने बोलायचं नाही, मनात ठेवायचं. फर्म्यावर चामड्याचा पातळ थर चिकटवायचा, कडेला पेन्सिलीने तारीख टाकायची आणि पुढचा जोड त्यावर शिवायचा. गिऱ्हाईक पाय घालून म्हणतं, "वा, अगदी पूर्वीसारखा!" सगळे खूष.

जावईबापूंच्या बाबतीत मी एक पाऊल पुढे गेलो. थर चिकटवला, तारीख टाकली, नवा जोड शिवला आणि आठ दिवसांनी त्यांच्या हातात ठेवून म्हटलं, "तोच फर्मा, तेच माप. एका टाक्याचाही फरक नाही. घाला."

त्यांनी घातला. चार पावलं चालले.

"आता बरा वाटतोय," ते पुटपुटले.

"बघा! म्हणजे चावत होतं ते डोकं," मी म्हटलं.

हे मी चिमीला सांगितलं, चिमीने तिच्या जावांना सांगितलं, आणि घरात एक नवीन करमणूक सुरू झाली. जावईबापू आले की कुणीतरी विचारायचंच, "काय, आज डोकं चावतंय की बूट?" पुढच्या वर्षी ते परत आले. पुन्हा एक सूत. पुन्हा थर, पुन्हा तारीख, पुन्हा "तोच फर्मा, तेच माप." तिसऱ्या वर्षी दीड सूत. मी मनात म्हटलं, हा माणूस मला खोटं पाडायला पाय ताणत असेल! चौथ्या वर्षी ते भांडलेच नाहीत. खाली बसले, मुकाट्याने बूट काढले आणि हळू आवाजात म्हणाले, "दादा, बघा जरा काही करता आलं तर." मला वाटलं, जिरली. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

या पाच वर्षांत चिमीचं रडगाणं वेगळंच चाललं होतं. हे घोरतात, भिंत हादरते. यांना बसल्या जागी घाम येतो. यांचं डोकं दुखतं, चिडचिड करतात, आवाज घोगरा झालाय. लग्नातली अंगठी निघेना, तर सोनाराने ती कापून मोठी करून दिली. खालच्या दातांत फटी पडल्या, त्या दातांच्या डॉक्टरने भरून दिल्या. डेपोतल्या कपड्यांच्या कोठीवाल्याने न विचारताच मोठ्या घेराची टोपी काढून दिली. जो तो आपापलं काम चोख करत होता. असा कामसू लोकांचा मुलूख शोधून सापडणार नाही.

"दादा, अरे यांचा चेहरासुद्धा मला दुसऱ्याच कुणाचा वाटतो कधीकधी," चिमी एकदा म्हणाली.

"वीस वर्षं तोच चेहरा बघितलास की तसं होणारच," मी म्हटलं. "तुझी वहिनी तर म्हणते, तिला माझा चेहरा शेजाऱ्याचा वाटायला लागला तर बरंच होईल."

चिमी हसली. माझ्या विनोदांना ती लहानपणापासून हसते. मला वाटायचं, बरंच आहे, तेवढंच तिचं मन हलकं होतं.

मग बसचं सुरू झालं. वीस वर्षं एक ओरखडा नाही, आणि या वर्षी तीन महिन्यांत दोनदा बाजूचा आरसा तोडला. डेपोने डोळे तपासले. समोरचा अक्षरांचा तक्ता यांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. डोळे ठणठणीत, असा शेरा मिळाला. पुढच्याच आठवड्यात उजव्या बाजूने येणारा सायकलवाला यांना दिसला नाही. तो उडी मारून वाचला, सायकलचा चुराडा झाला. डेपोने लेखी बजावलं: आणखी एक प्रकार झाला तर स्टिअरिंग कायमचं सुटेल.

"बूट चावत असेल," मी म्हटलं. त्यांच्या तोंडावर म्हटलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातली.

त्याच महिन्यात दुकानात एक डॉक्टरीणबाई आल्या. दिवसभर उभं राहून टाचा दुखतात, बूट शिवून हवेत. मी विचारलं, कशाच्या डॉक्टर? म्हणाल्या, ग्रंथी आणि हार्मोन्सच्या. म्हटलं असेल बुवा, हल्ली कशाचेही डॉक्टर असतात. मी बाकावर जावईबापूंच्या उजव्या फर्म्यावर पाचवा थर चिकटवत बसलो होतो, तो बाजूला ठेवला आणि त्यांचं माप घ्यायला वाकलो.

"हे काय आहे?" त्यांनी फर्म्याकडे बोट दाखवलं.

मला तेवढंच हवं होतं. मी सगळी कथा तिखटमीठ लावून सांगितली. डोकं चावतंय की बूट, या ठिकाणी हमखास हशा पडतो. बाई हसल्या नाहीत.

"या गृहस्थांचं वय?"

"अठ्ठेचाळीस."

"अंगठी बसते?"

"सोनाराने मोठी करून दिलीय," मी हसत म्हटलं.

"घोरतात? घाम येतो? दातांत फटी पडल्यात? जबडा पुढे आलाय?"

पहिल्या दोन प्रश्नांना मी हसतच 'हो' म्हटलं. तिसऱ्याला नुसतंच 'हो' म्हटलं. चौथ्याला मला जावईबापूंचा चेहरा आठवावा लागला, आणि आठवताना माझ्या लक्षात आलं की त्यांच्या लग्नातला चेहरा आणि आताचा चेहरा यांचा एकमेकांशी काही संबंध उरलेला नाही.

बाईंनी खुर्ची ओढली आणि मला शाळेतल्या पोरासारखं शिकवलं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या बरोबर मागे, हाडाच्या एका खळग्यात मटाराच्या दाण्याएवढी ग्रंथी असते. पियूषिका तिचं नाव, इंग्रजीत पिट्युइटरी. शरीरातल्या बऱ्याच ग्रंथी तिच्या तालावर चालतात. गळ्यातली थायरॉईड, मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी, सगळ्यांना ती रक्तातून निरोप धाडते: हे बनवा, इतकं बनवा. ते निरोप म्हणजेच हार्मोन.

"एवढासा दाणा आणि एवढा रुबाब?" मी म्हटलं. माझी जीभ अजून वळवळत होती.

"रुबाब नाही. ती ऐकूनही घेते," बाई म्हणाल्या. "प्रत्येक निरोपाला रक्तातून उलट निरोप येतो: पोचलं, आता पुरे. तो आला की ती हात आखडता घेते. सगळं शरीर या 'पुरे'वर चालतं. पण कधीकधी त्या ग्रंथीत एक गाठ होते. कॅन्सर नसतो बहुतेक वेळा. पण गाठ 'पुरे' ऐकत नाही. वाढीचं हार्मोन सोडतच राहते. लहानपणी झालं तर माणूस ताडमाड होतो. मोठ्या माणसाची उंची वाढू शकत नाही, मग हात, पाय, जबडा वाढत राहतात. इतके सावकाश, की रोज बघणाऱ्याला दिसतच नाही."

त्यांनी फर्म्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "इथे दिसतंय. तारखांसकट."

मी त्या तारखा पहिल्यांदाच ओळीने वाचल्या.

"त्या ग्रंथीच्या अगदी वरून डोळ्यांच्या नसा जातात. गाठ मोठी झाली की त्यांवर दाब येतो. समोरचं नीट दिसतं, दोन्ही बाजूंचं जातं. करतात काय हे गृहस्थ?"

"बस चालवतात," मी म्हटलं.

बाई उठून उभ्या राहिल्या. "उद्यापासून चालवणार नाहीत. सकाळी घेऊन या. आणि हा फर्मा आणा. कधीपासून वाढ आहे हे मी विचारणार, आणि त्यांना सांगता येणार नाही. हे एवढ्या बारकाईने फक्त तुमच्याकडे आहे."

चिमीला मी काय सांगितलं? सांगितलं की माझ्या एका डॉक्टर गिऱ्हाइकाने जावईबापूंना बसमध्ये बघितलं आणि चेहऱ्यावरून आजार ओळखला. साफ खोटं. मग दुकानात येऊन दोन्ही फर्मे पुढ्यात घेतले. पाच थर सोलायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. खाली जुनं लाकूड, त्रेचाळिशीचा पाय, तेच माप. रापीचं टोक मी वरच्या थराखाली घातलंसुद्धा. आणि थांबलो. मी फार सज्जन आहे म्हणून थांबलो असं समजू नका. डॉक्टरीणबाईंनी फर्मा बघितला होता, म्हणून थांबलो.

पुढचे आठ दिवस तपासण्या चालल्या. रक्त काढलं. एकदा साखरेचं पाणी पाजून दोन तास दर थोड्या वेळाने रक्त काढलं. धडधाकट माणसाचं वाढीचं हार्मोन साखर पोटात गेली की खाली बसतं, यांचं बसलंच नाही. मशिनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले. डोळ्यांच्या तपासणीत एका डब्यात तोंड घालून, ठिपका दिसला की बटण दाबायचं होतं. जावईबापू सगळं निमूट करत होते. चिमी त्यांची फाईल छातीशी धरून मागेमागे. मी पिशवी घेऊन तिच्या मागे.

नवव्या दिवशी बाईंच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. भिंतीवर फोटो लावलेला होता. गाठ द्राक्षाएवढी. मटाराच्या जागी द्राक्ष. शेजारी डोळ्यांचा तक्ता, दोन गोल, दोन्हींची बाहेरची बाजू काळीकुट्ट.

"पाय वाढायला लागले त्याला किती वर्षं झाली?" बाईंनी विचारलं.

"पाय?" चिमी म्हणाली. "पाय कुठे वाढलेत? यांना आपलं वाटायचं तसं."

"मला आपलं वाटायचं," जावईबापू म्हणाले.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या बाईने एक शब्द बोलून माझी सुटका केली असती तर मी जन्मभर तिचे बूट फुकट शिवले असते. तिने नाही केली. मी पिशवीतून फर्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

बाई तारखा वाचत गेल्या. पाच. मग त्यांनी फर्मा चिमीच्या हातात दिला. चिमीने तो उलटसुलट केला, कडेचे थर नखाने मोजले.

"म्हणजे पाय वाढत होता," ती म्हणाली. "तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू म्हणायचास, तोच फर्मा, तेच माप."

"धंद्यात तसंच असतं, चिमे. उस्तादांनी…"

"मी हसायचे, दादा. दर वेळी मी हसायचे रे." तिने तोंड फिरवलं.

जावईबापूंनी तिच्या हातून फर्मा घेतला. मी उत्तरं तयार ठेवली होती. ते ओरडले असते, तर मीही ओरडलो असतो, दोघांनाही बरं वाटलं असतं. त्यांनी थरांवरून अंगठा फिरवला. वरून खाली, पुन्हा खालून वर.

"म्हणजे बूट खरंच चावत होता," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "खरंच चावत होता."

"मला वाटायला लागलं होतं, आपलं डोकंच फिरत चाललंय." आणि ते हसले. तो सुटलेला चेहरा, ते फटी भरलेले दात, आणि हरवलेली वस्तू सापडल्याचं हसू. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बाईंनी पुढचं समजावलं. नाकातून उपकरणं घालून गाठ काढायची, कवटी उघडायला लागत नाही. घोरणं, घाम, सूज कमी होईल. हाडं वाढलीत ती तशीच राहतील. "डोळ्यांचं मात्र मी आत्ता वचन देऊ शकत नाही. नसांवर दाब किती दिवस होता, त्यावर आहे. बाजूचं दिसेनासं झालं, ते साधारण कधीपासून?"

"अडीच वर्षं," जावईबापू ताबडतोब म्हणाले. "डेपोच्या फाटकाचा डावा खांब दिसेना, तेव्हापासून. मग मी मान वळवून वळवून बघायला लागलो. जमत होतं तसं."

"अडीच वर्षं!" बाईंचा तोल सुटला. हातातलं पेन त्यांनी टेबलावर आपटलं. "अहो, तेव्हा आला असतात तर बहुतेक सगळं परत आलं असतं! तुमच्यामागे बसभर माणसं बसलेली असायची. घरी बायको आहे. एका माणसाला, एका तरी माणसाला सांगावंसं नाही वाटलं?"

"वाटलं होतं," जावईबापू म्हणाले. फर्मा त्यांनी अलगद टेबलावर ठेवला. आवाजात राग नव्हता, मी शोधला, नव्हताच. "पण बाई, आधी बुटाचं सांगून बघितलं होतं ना."